चॉपिंग बोर्डला कोणतं तेल लावायचं?

फळी कापून झाली, कडा गोल केल्या, आणि आता हात आपोआप व्हार्निशच्या डब्याकडे जातोय? तो डबा टेबलासाठी ठेवा. व्हार्निश, पॉलियुरेथेन, लाखेचं पॉलिश हे सगळे लाकडावर पातळ पापुद्रा धरतात. सुरीने तो चिरतो, चिरेतून पाणी आत शिरतं आणि मग टवके उडून चिरलेल्या भाजीत येतात. ज्यावर सुरी चालणार, त्याला लाकडात मुरणारं तेलच हवं.

मात्र स्वयंपाकाचं तेल नको. मी पहिल्या बोर्डला तेच चोपडलं होतं. काही आठवड्यांत तो चिकट झाला आणि खवट वास मारू लागला. लिंबू-मीठ घासून पाहिलं, पण वास आत मुरलेला. शेवटी वरचा थर घासून काढावा लागला.

मग उरतात दोन वाटा.

पहिली, फूड ग्रेड मिनरल ऑइल, म्हणजेच औषधी दर्जाचं लिक्विड पॅराफिन. ते खवट होत नाही, पण सुकतही नाही, त्यामुळे धुण्यात हळूहळू निघून जातं आणि पुन्हा लावावं लागतं. यंत्रांसाठीचं मिनरल ऑइल वेगळं, ते चालणार नाही.

दुसरी, हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होणारी तेलं: जवस, टंग (टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल), अक्रोड. ती जास्त टिकतात, पण पुरती सुकायला काही आठवडे घेतात. इथे लेबल नीट वाचा. ‘बॉइल्ड’ जवस तेलात लवकर सुकावं म्हणून बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात, ते टाळा. ‘टंग ऑइल फिनिश’ म्हणून विकलं जाणारं मिश्रणही अनेकदा पातळ केलेलं व्हार्निशच असतं. घरात कुणाला अक्रोडाची अॅलर्जी असेल तर अक्रोड तेल बादच.

पहिलाच बोर्ड असेल तर मी मिनरल ऑइल आणि मेण सुचवेन. चुकलं तरी काही बिघडत नाही.

आधी 120, मग 180, मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. ओल्या फडक्याने पुसा. लाकडाचे बारीक तंतू उभे राहतील. वाळल्यावर 220 ने हलकेच पुन्हा घासा. हे आत्ता केलं नाही, तर पहिल्या धुण्यातच बोर्ड खरखरीत होतो.

आता तेल सढळ हाताने ओता. दोन्ही बाजूंना सारखंच लावा, नाहीतर फळी वाकू शकते. कापलेली टोकं सर्वांत जास्त तेल पितात, तिथे पुन्हा पुन्हा द्या. अर्ध्या तासाने वरचं पुसा आणि रात्रभर ठेवा. असे तीन-चार हात द्या.

शेवटी मेण. वजनाने चार भाग मिनरल ऑइल आणि एक भाग मधमाशीचं मेण एका वाटीत घ्या आणि ती गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, थेट आचेची गरज नाही. थंड झालेलं मलम बोर्डवर चोळा, दुसऱ्या दिवशी कोरड्या कापडाने पुसा.

सुकणारं तेल वापरलं असेल तर फडक्यांचा बोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, विशेषतः जवसाच्या तेलाची. बाहेर पसरून पूर्ण वाळवा.

पुढे तेल कधी लावायचं? बोर्डवर पाण्याचा थेंब टाका. तो गोल राहिला तर घाई नाही. पसरून लाकूड काळवंडलं, तर बाटली काढा.