ऊसतोड वस्तीतून जर्मनीतल्या कार्यशाळेपर्यंत: गरजू तरुणांसोबत काम करणाऱ्यांसाठी

महाराष्ट्र आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग या दोन राज्यांमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाविषयीचा करार झाला आणि पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांचे उद्दिष्ट जाहीर झाले, तेव्हापासून गावोगावचे पालक ‘आमच्या मुलाला जर्मनीला जाता येईल का?’ असे विचारू लागले आहेत. दोन सरकारांमधल्या करारात कोणा एका तरुणाचे नाव नसते. त्याच्या नावाचे, मालकाच्या सहीचे आणि पगाराचा आकडा लिहिलेले पत्र हाती येईपर्यंत नोकरी मिळाली असे कोणत्याही घरात सांगू नये. हे पत्र मिळवण्याच्या वाटेवर शिक्षक, आयटीआयचे निदेशक आणि संस्थांचे कार्यकर्ते नेमके काय करू शकतात, ते येथे मांडले आहे.

सर्वांत आधी पैशाचा प्रश्न सोडवावा. भाषावर्ग, परीक्षा, पासपोर्ट, कागदपत्रांचे भाषांतर, व्हिसा आणि विमानाचे तिकीट यांपैकी प्रत्येक खर्च कोण करणार, हे पहिल्या बैठकीतच कागदावर लिहून घ्यावे आणि परदेशी भागीदाराची (म्हणजे तिकडच्या मालकाची किंवा भरती करणाऱ्या संस्थेची) त्यावर सही घ्यावी. ‘आता आम्ही भरतो, नंतर पगारातून कापू’ असे कोणी म्हणाले, तर ती उचलच आहे. बीडच्या ऊसतोड कुटुंबातल्या मुलाला मुकादमाची उचल काय असते हे समजावून सांगावे लागत नाही; फक्त हीच गोष्ट कधी कधी टाय लावलेल्या माणसाच्या तोंडून येते, एवढे त्याच्या लक्षात आणून द्यावे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी आवश्यक असते आणि उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. नोंदणी आहे की नाही, हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर मुलासमोरच तपासावे. केरळमध्ये ‘नोर्का रूट्स’ ही सरकारी संस्था जर्मन संस्थांसोबत ‘ट्रिपल विन’ योजनेतून परिचारिकांना जर्मनीत पाठवते आणि त्यात भरतीचे शुल्क उमेदवारावर पडत नाही. मुलांना कर्जात न बुडवता हे काम करता येते, याचा हा चालता पुरावा आहे, म्हणून भागीदाराशी बोलताना तो जरूर पुढे ठेवावा.

त्यानंतर मुलाचा ट्रेड पाहावा. इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे आयटीआयचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत, तर वेल्डर आणि प्लंबर एका वर्षाचे. हा फरक येथे निर्णायक ठरतो, कारण मार्च २०२४ पासून जर्मनीने खुली केलेली ‘मान्यता-भागीदारी’ची वाट किमान दोन वर्षांचे, सरकारमान्य प्रशिक्षण आणि ए२ पातळीची (ए१ ते सी२ या सहा पातळ्यांतली दुसरी) जर्मन भाषा असलेल्यांसाठी आहे, त्यात मालकाकडे काम करत असतानाच आपल्या प्रमाणपत्राची जर्मनीतली मान्यता पूर्ण करता येते. एका वर्षाच्या ट्रेडवाल्या मुलासाठी बहुधा ‘आउसबिल्डुंग’ हा मार्ग अधिक योग्य असतो. यात आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस व्यवसाय शाळेत जातात, प्रशिक्षण दोन ते साडेतीन वर्षे चालते आणि पहिल्या दिवसापासून विद्यावेतन मिळते. त्यासाठी साधारणपणे बी१ पातळीची जर्मन लागते आणि बहुतेक तुकड्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात. म्हणून किमान दीड वर्ष आधी तयारी सुरू करावी.

या दीड वर्षातला सर्वांत कठीण काळ दिवाळीनंतर येतो, कारण गळीत हंगाम सुरू झाला की आईवडील कारखान्यावर निघतात आणि वर्गातली मुलेही त्यांच्यासोबत जातात. भाषा चार महिने तुटली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शक्य असल्यास हंगामापुरती राहण्याची आणि जेवणाची सोय करूनच वर्ग सुरू करावा. सोय नसेल तर मुलांची संख्या कमी ठेवावी. शिकवताना मराठीचा आधार मोकळेपणाने घ्यावा. जर्मनमधली तीन लिंगे पाहून इंग्रजीतून शिकणारा गोंधळतो, पण ‘तो दगड, ती भिंत, ते झाड’ असे रोज म्हणणाऱ्या मुलाला नामाबरोबर लिंग पाठ करायचे असते हे पटकन पटते. पोटवाक्यात क्रियापद शेवटी जाते, तेही त्याला परके वाटत नाही. आमच्या अनुभवात व्याकरणापेक्षा बोलण्याचा संकोच जास्त आड येतो, म्हणून रोजची पंधरा मिनिटे केवळ हत्यारांची नावे घेत काम समजावून सांगण्यासाठी राखून ठेवावीत.

भाषावर्ग सुरू होताच कागदपत्रांचेही काम हाती घ्यावे. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआयचे प्रमाणपत्र, आधार आणि पासपोर्ट एका ओळीत टेबलावर मांडावेत आणि नावाचे इंग्रजी अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचावे. ‘गायकवाड’मध्ये एका कागदावर ‘आय’ आणि दुसऱ्यावर ‘वाय’ असेल, वडिलांचे नाव एकीकडे असेल आणि दुसरीकडे नसेल, किंवा लग्नानंतर मुलीचे आडनाव बदललेले असेल, तर हे सगळे पासपोर्टचा अर्ज भरण्याआधीच दुरुस्त करावे. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: भारतीय कागदपत्रांसाठी जर्मनी अपोस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) स्वीकारत नाही. त्यामुळे त्या शिक्क्यासाठी पैसे मागणाऱ्याला थांबवावे आणि संबंधित जर्मन कार्यालयाने मागितलेलीच पडताळणी करावी. मूळ कागद कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत.

मालकाकडून नोकरीच्या किंवा प्रशिक्षणाच्या कराराचे पत्र आले की मराठीत भाषांतर करून ते मुलासमोर आणि त्याच्या आईवडिलांसमोर कलमवार वाचावे. एकूण पगार आणि कर व सामाजिक विम्याची कपात होऊन हातात येणारी रक्कम यांतला फरक आकड्यांनिशी दाखवावा. प्रशिक्षणार्थीसाठी २०२५ मध्ये पहिल्या वर्षाचे किमान विद्यावेतन महिन्याला ६८२ युरो होते, तेव्हा त्यातून खोलीचे भाडे वजा करून काय उरते हे त्याच्याच हाताने लिहून घ्यावे. नोकरी लवकर सोडल्यास भाषा प्रशिक्षणाचा खर्च परत करावा लागेल, असे कलम असेल तर ती रक्कम आणि मुदत स्पष्ट करून घ्यावी, आणि ती पटण्याजोगी नसेल तर सही थांबवावी. घाई करणाऱ्या भागीदारासमोर हे सांगणे जड जाते, पण मुलाच्या बाजूने बोलायला त्या खोलीत आपल्याशिवाय कोणी नसते.

मुलगा तिकडे पोहोचल्यावर पहिले तीन महिने ठरलेल्या वारी फोन करावा. पत्त्याची नोंदणी झाली का, आरोग्य विम्याचे कार्ड आले का, बँक खाते उघडले का, हे विचारावे. पहिली पगारपावती आली की तिचा फोटो मागवावा आणि करार शेजारी ठेवून दोघांनी मिळून ती ओळीने वाचावी. खोलीभाड्याच्या नावाखाली ठरल्यापेक्षा जास्त कपात दिसली, तर मालकाला लेखी प्रश्न त्याच आठवड्यात पाठवावा.