फेस अडवू नका, गोळा करा

उसाच्या मळीवर बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू वाढवून त्याच्यापासून सर्फॅक्टिन, म्हणजे साबणासारखा फेस करणारा पदार्थ, काढत होतो. दर खेपेला फेस वर चढायचा, हवेचा फिल्टर भिजायचा आणि बॅच हातची जायची. फेस मारायला तेल घातलं, तर ते मालातच उतरलं. वेगळं करताना जीव मेटाकुटीला आला. मग डोक्यात प्रकाश पडला: सर्फॅक्टिन तर फेसातच साठतं! हवा बाहेर पडते तिथे रुंद नळी जोडून फेस शेजारच्या निर्जंतुक बाटलीत उतरवला. तो बसल्यावर आम्लाने पीएच 2 वर आणून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी तळाशी तपकिरी साका! त्यातला चिमूटभर साका सौम्य अल्कलीत विरघळवून त्याचा थेंब पाण्यावरच्या तेलाच्या तवंगावर सोडला, तर तेल झर्रकन कडेला सरकलं, म्हणजे माल कामाचा! इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता. मळी मात्र आधी पातळ करून गाळून घ्याच.