अमेरिकन फुटबॉल बघताय? मग या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉल डोक्यावरून जातो म्हणणाऱ्या बहुतेकांची अडचण नियम खूप आहेत ही नसतेच, अडचण ही असते की ते पूर्ण वेळ बॉल कुठे गेला तेच शोधत बसतात आणि स्क्रीनवरचे आकडे वाचतच नाहीत. न्यू जर्सीला मुलाकडे सहा महिने राहायला आलेले आईबाबा असोत नाहीतर सुपर बोल या फायनलसाठी सोमवारी पहाटे 5 ला उठून बसणारी पुण्या-मुंबईतली पोरं, अडतात सगळे त्याच त्याच ठिकाणी. तीनचार गोष्टी आधी नीट समजून घेतल्या ना तर हा खेळ प्रचंड रंगतो, खरंच सांगतोय.

सगळ्यात पहिली गडबड डाऊनची. चार डाऊन म्हणजे टीमला एकूण चार चान्स आणि मग संपलं, असं लोक धरून चालतात, कारण डोक्यात ओव्हरचा हिशोब पक्का बसलेला असतो. इथं तसं नाही. चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचं, आणि ते 10 यार्ड झाले, मग ते पहिल्याच प्रयत्नात का होईनात, की मोजणी परत एकपासून सुरू, नवे चार प्रयत्न, यालाच फर्स्ट डाऊन मिळणं म्हणतात. स्क्रीनवर 'थर्ड अँड 7' दिसलं की त्याचा अर्थ हा तिसरा प्रयत्न आणि अजून 7 यार्ड बाकी. हा आकडा प्रत्येक प्ले (म्हणजे एकेक प्रयत्न) आधी वाचायची सवय लावा. थर्ड अँड 1 असेल तर बॉल घेऊन सरळ घुसतील की पास टाकतील ते डिफेन्सला कळत नाही, थर्ड अँड 12 असेल तर पास येणार हे स्टेडियममधल्या सगळ्यांनाच माहीत असतं, आणि पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर तुटून पडायला डिफेन्स मोकळा होतो.

मग चौथ्या डाऊनला टीम बॉल लाथ मारून समोरच्याला देऊन का टाकते, एक प्रयत्न तर बाकी आहे ना, हा प्रश्न दरवेळी येतो. समजा तुम्ही स्वतःच्याच 20 यार्ड लाईनवर अडकलाय आणि अजून 3 यार्ड हवेत. प्रयत्न केला आणि फसला तर समोरच्या टीमला बॉल तिथेच मिळतो, म्हणजे तुमच्या एंड झोनपासून (मैदानाच्या टोकाचा पट्टा, जिथे समोरच्याला पोचायचं असतं) फक्त 20 यार्डांवर, काहीच न करता त्यांचा फील्ड गोल (किक मारून बॉल खांबांमधून घालणं, 3 पॉइंट) जवळपास पक्का. पंट मारला, म्हणजे बॉल लाथेने लांब उडवला, तर त्यांना चाळीसेक यार्ड मागून सुरुवात करावी लागते. पंट म्हणजे हार मानणं नाही, जागा विकत घेणं आहे.

फील्ड गोलचं अंतर मोजताना पण लोक चुकतात. बॉल 35 यार्ड लाईनवर असेल तर किक 35 ची नसते, खांब एंड झोनच्या मागच्या टोकाला असतात म्हणून 10 अजून, आणि किक मारण्यासाठी बॉल मागे 7-8 यार्डांवर धरतात, म्हणजे 52-53 यार्डांची किक. साधारण 17-18 मिळवा की झालं.

आणि 10 यार्ड कुठे पूर्ण होतात ते दाखवणारी ती पिवळी लाईन! ती मैदानावर आखलेली नसते, टीव्हीवर काढलेली असते, 1998 पासून दिसायला लागली. स्टेडियममध्ये बसलात तर दिसणार नाही. 2025 च्या सीझनपासून एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य प्रोफेशनल लीगमध्ये, फर्स्ट डाऊनचं माप कॅमेऱ्यांनी घेतात हे खरं, पण बॉल नेमका कुठे थांबला ती जागा अजूनही माणूसच डोळ्यांनी बघून ठरवतो, त्यामुळे इंचाइंचावरून भांडणं काही संपलेली नाहीत.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, बॉल जिवंत आहे की मेला. अर्धे नियम या एका प्रश्नावर उभे आहेत. पुढे टाकलेला पास जमिनीवर पडला की बॉल मेला, प्ले संपला, पुढचा डाऊन प्ले जिथून सुरू झाला होता तिथूनच. पण मागे किंवा अगदी सरळ आडवा टाकलेला पास पडला तर बॉल जिवंत, ज्याने उचलला त्याचा. दोन्ही वेळी टीव्हीवर दिसतं सारखंच, बॉल पडलाय, म्हणून एकदा सगळे शांतपणे परत चालायला लागतात आणि एकदा दहा जण त्याच्यावर उड्या मारतात याचं नव्या माणसाला कोडं पडतं. पुढे पास एका प्लेमध्ये एकदाच टाकता येतो, मागे मात्र कितीही वेळा टाका.

किक मारलेल्या बॉलचं तर आणखी वेगळं, आणि इथं लिऑन लेटची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1993 चा थँक्सगिव्हिंग, डॅलसमध्ये चक्क बर्फ, डॅलसची टीम काऊबॉईज 14-13 ने पुढे, शेवटचे 15 सेकंद. मायामी डॉल्फिन्सने फील्ड गोल मारला आणि डॅलसने तो ब्लॉक केला! बॉल पुढे जाऊन बर्फात गरगरत राहिला. डॅलसने फक्त हात लावायचा नव्हता, आपोआप थांबला असता की मेला असता, मॅच खिशात. डॅलसचे बाकीचे खेळाडू लांब राहा लांब राहा करत हात हलवतायत आणि मागून लेट धावत आला, घसरला आणि बॉलला त्याचा पाय लागला. लागल्या लागल्या बॉल जिवंत. डॉल्फिन्सच्या खेळाडूने 1 यार्ड लाईनवर त्याच्यावर झेप घेतली, 3 सेकंद उरले होते, परत किक, 16-14, डॉल्फिन्स जिंकले. पंटचंही हेच, ज्याला पंट मिळतोय त्या टीमचा हात लागून बॉल सुटला की मारणारी टीमही तो उचलू शकते. पंट टप्पे खात येताना खेळाडू त्याच्यापासून लांब का पळतात ते आता कळलं असेल.

टचडाऊनला, म्हणजे समोरच्याच्या एंड झोनमध्ये बॉल नेऊन पॉइंट मिळवायला, बॉल जमिनीला टेकवावा लागतो ही रग्बीवाली समजूत काढून टाका. हातातल्या बॉलचं टोक गोल लाईनवरच्या हवेत जरी घुसलं तरी 6 पॉइंट. उलट पाय आत आणि बॉल बाहेर असेल तर काही नाही. 2008 मध्ये फिलाडेल्फियाचा डीशॉन जॅक्सन काऊबॉईजविरुद्ध एकटा धावत आला, समोर कोणी नाही, आणि आनंदाच्या भरात लाईनच्या जेमतेम एक यार्ड आधीच बॉल सोडून दिला. टचडाऊन रद्द. बॉल त्यांच्याकडेच राहिला म्हणून वाचले. तोच बॉल सुटून पुढे एंड झोनमधून बाहेर गेला तर बॉल चक्क समोरच्या टीमला जातो, 20 यार्ड लाईनवर. मला हा नियम फार कडक वाटतो, पण आहे तो आहे.

सेफ्टी म्हणजे बॉलवाला स्वतःच्याच एंड झोनमध्ये अडकणं, समोरच्याला 2 पॉइंट. 1964 मध्ये मिनेसोटाच्या जिम मार्शलने सॅन फ्रान्सिस्कोचा सुटलेला बॉल उचलला आणि 66 यार्ड उलट्या दिशेने पळत स्वतःच्या एंड झोनमध्ये गेला, टचडाऊन झाला समजून बॉल बाहेर फेकला, सेफ्टी. टीम तरी 27-22 ने जिंकली. लक्षात ठेवा, 2 पॉइंट दिल्यावर बॉलही किक मारून त्यांनाच द्यावा लागतो, म्हणजे दुहेरी मार.

घड्याळाकडे दुर्लक्ष करणं ही जाणकार म्हणवणारेही करतात ती चूक. पास पडला की घड्याळ थांबतं, पळणाऱ्याला मैदानातच पाडलं तर चालूच राहतं. हे माहीत असेल तरच फेब्रुवारी 2015 च्या सुपर बोलचा शेवट कळतो. सिअ‍ॅटल 1 यार्डावर, सेकंड डाऊन, 26 सेकंद, टाइमआऊट (घड्याळ थांबवायची संधी) एकच. मार्शॉन लिंचसारखा धिप्पाड रनर हाताशी असताना पास टाकला, न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने पकडला, न्यू इंग्लंड 28-24 ने जिंकलं, खलास. आजही लोक कोचला शिव्या घालतात. पण हिशोब करा, तीनही वेळा पळायचं म्हटलं तर एका टाइमआऊटमध्ये वेळ पुरणं कठीण होतं, एक पास मध्ये टाकणं भाग होतं, पडला असता तर घड्याळ थांबून अजून दोन प्रयत्न हातात असते. विचार चुकीचा नव्हता, बटलरने तो ओळखला हे त्याचं कौतुक.

रेफरीचा पिवळा फ्लॅग पडला की लगेच ओरडू नका. पेनल्टी कोणावर ते आधी ऐका, आणि ज्याच्या बाजूने आहे ती टीम ती नाकारूही शकते. डिफेन्सवाला ऑफसाईड गेला, 5 यार्ड मिळणार, पण त्याच प्लेमध्ये 40 यार्डांचा पास पकडला गेला, तर 5 यार्ड कोण घेईल? यार्ड कमी म्हणजे शिक्षा छोटी असंही नाही, डिफेन्सच्या होल्डिंगला (समोरच्याला धरून ठेवणं) 5 यार्डच आहेत पण सोबत फर्स्ट डाऊन फुकट, थर्ड अँड 15 ला हे झालं तर डिफेन्सच्या सगळ्या मेहनतीवर पाणी.

मुलगी मिशिगन नाहीतर ओहायो स्टेटला शिकते म्हणून शनिवारी कॉलेजची मॅच आणि रविवारी एनएफएल बघणाऱ्यांनी जरा सांभाळून, दोन्हीकडचे नियम एक नाहीत. कॉलेजमध्ये पास पकडताना एक पाय आत पडला तरी चालतो, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. कॉलेजमध्ये नुसता गुडघा टेकला की प्ले संपला, एनएफएलमध्ये समोरच्याने हात लावलेला नसेल तर उठून परत पळता येतं.

राहिला ओव्हरटाइम, आणि इथं तर खुद्द खेळाडू चुकलेत. 2008 मध्ये ईगल्स-बेंगल्स मॅच 13-13 अशी बरोबरीत सुटली तेव्हा क्वार्टरबॅक डॉनोव्हन मॅकनॅबने सांगितलं की मॅच बरोबरीत संपू शकते हे त्याला माहीतच नव्हतं. फेब्रुवारी 2024 च्या सुपर बोलनंतर, जो चीफ्सने 25-22 ने घेतला, हरलेल्या 49र्सचे काही खेळाडूही म्हणाले की प्लेऑफचा बदललेला नियम आपल्याला ठाऊक नव्हता. पहिल्या टीमने टचडाऊन केला तरी दुसरीला एकदा बॉल मिळतोच, असा तो नियम, आणि 2025 पासून तो रेग्युलर सीझनलाही आलाय. फरक एवढाच की रेग्युलर सीझनमध्ये ओव्हरटाइम 10 मिनिटांचा, तेवढ्यात निकाल नाही लागला तर बरोबरी, प्लेऑफमध्ये मात्र कोणीतरी जिंकेपर्यंत खेळत राहायचं.