इम्युनॉलॉजिस्टचं काम जोखताना या चुका टाळा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसलं की एक मागणी हमखास येते: अमुक इम्युनॉलॉजिस्टचे, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीवर संशोधन करणाऱ्याचे, पेपर, सायटेशन्स (इतरांनी त्या पेपरांचे दिलेले संदर्भ) आणि एच-इंडेक्स (पेपर आणि संदर्भ मिळून काढलेला एक आकडा) काढून द्या. कधी बढतीसाठी, कधी पुरस्कारासाठी, कधी नुसत्या पाहुण्यांच्या परिचयासाठी. उद्या सकाळपर्यंत हवं असतं, हेही ठरलेलं. त्या घाईत होणाऱ्या चुकाही ठरलेल्याच.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक नावाची. गूगल स्कॉलर या संशोधन शोधायच्या साइटवर आडनाव टाकायचं, वर येईल ते प्रोफाइल उचलायचं, झालं काम! अहो, आपल्याकडे 'एस. पाटील' किती असतील? एका परिषदेत टी-सेलवर (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) काम करणाऱ्या बाईंचा परिचय चालला होता. निवेदक रंगात येऊन म्हणाले, "मॅडमनी उसावरच्या तांबेऱ्यावरही मोलाचं संशोधन केलंय." माइक हातात आल्यावर मॅडम म्हणाल्या, "ऊस मी फक्त रसवंतीत पाहिलाय." नंतर मी ते प्रोफाइल उघडलं. स्कॉलर नवे पेपर आपोआप जोडतं. ती सोय चालू होती आणि बाईंनी कित्येक वर्षं तिकडे पाहिलंच नव्हतं. नावाच्या साम्यामुळे शेतीचे पेपर आत येऊन बसले होते. उलट लग्नाआधीच्या आडनावाने छापलेले त्यांचे सुरुवातीचे चांगले पेपर यादीत नव्हतेच. म्हणजे आकडा दोन्हीकडून खोटा.

हे फक्त पाटील-कुलकर्ण्यांचं दुखणं नाही. रेग्युलेटरी टी-सेलचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींचा, 1995 चा गाजलेला पेपर काढा. पहिलं नाव शिमोन साकागुची, दुसरं नोरिको साकागुची. नवराबायको. नुसतं आडनाव बघून काम उरकणारा इथेही आपटणार.

माझी सवय सांगतो. आधी सोळा अंकी ऑर्किड आयडी (प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मागायचा, मग पबमेडवर (वैद्यकीय पेपरांच्या सूचीवर) संस्था आणि सहलेखक ताडून बघायचे. शेवटी यादी त्या माणसालाच पाठवायची: "यातलं तुमचं नसेल ते खोडा, राहिलं असेल ते लिहा." वेळ जातो. जाऊ द्या.

दुसरी लाडकी चूक म्हणजे नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) संशोधकाच्या नावावर जमा करणं. आपल्या संदर्भसूचीत (सायटेशन इंडेक्समध्ये) कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवण्यासाठी यूजीन गारफिल्ड यांनी हे माप आणलं, माणसं मोजायला नव्हे. शिवाय ते आधीच्या दोनच वर्षांतल्या लेखांवर काढतात. आता कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांचा 'इम्युनिटी'तला 2005 चा पेपर बघा. आरएनएमधले न्यूक्लिओसाइड (त्याचे घटक) बदलले तर टोल-लाइक रिसेप्टर, म्हणजे शरीराचे पहारेकरी, त्याला पाहून बोंब मारत नाहीत, हा त्यातला शोध. कोविडच्या एमआरएनए लशी आल्या आणि पंधरा वर्षांनी जगाचं तिकडे लक्ष गेलं; 2023 मध्ये नोबेल. दोन वर्षांच्या खिडकीतून यातलं काय दिसणार? साकागुचींचा पेपर तर 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'तला. 'नेचर'-'सायन्स'शिवाय दुसरं काही न बघणाऱ्या समितीने तो उघडलाही नसता. नोबेल मिळालं 2025 मध्ये, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत.

ब्रन्को यांच्यावरून एच-इंडेक्स आठवला. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये ते काढलं. एच-इंडेक्स दहा म्हणजे तुमच्या दहा पेपरांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ. तुमचे पेपर वीस असतील तर ते वीसच्या वर जाऊच शकत नाही, मग त्यातल्या एकाने अख्खी शाखा हलवली तरी! ब्रन्को यांचा, रेग्युलेटरी टी-सेलसाठी लागणाऱ्या फॉक्सपी3 जनुकावरचा, 2001 चा पेपर बायोटेक कंपनीत झालेल्या कामातला. ढिगाने पेपर छापणाऱ्या प्राध्यापकांच्या शेजारी एच-इंडेक्सने त्यांना उभं करणं हा शुद्ध आळस आहे. मी सगळ्यात गाजलेले तीन पेपर उघडतो आणि इतरांनी ते कुठे वापरलेत ते वाचतो. प्रस्तावनेत दहा संदर्भांच्या घोळक्यात नाव आलंय, की त्यावर पुढचा प्रयोग उभा आहे? पाच मिनिटांत कळतं.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

रिव्ह्यू लेख (आधीच्या संशोधनाचा आढावा) वेगळे काढा. ते सायटेशन्स खेचतात, पण त्यात नवा प्रयोग नसतो.

लेखकांचा क्रम बघा. या क्षेत्रात पहिलं नाव सहसा हाताने काम करणाऱ्याचं, शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. मधल्या पंधराव्या नावाला 'प्रमुख संशोधक' म्हणू नका.

सायटेशन म्हणजे शाबासकी नव्हे. लस आणि ऑटिझमचा बादरायण संबंध जोडणारा वेकफिल्ड यांचा 1998 चा पेपर 'लॅन्सेट'ने 2010 मध्ये मागे घेतला. त्याच्या संदर्भांत झोडपणारेच कितीतरी. तेव्हा पेपर मागे घेतलेला नाही ना, हे तपासा.

प्रीप्रिंट (तपासणीआधी ऑनलाइन टाकलेला मसुदा) आणि त्याचाच छापील पेपर, असं दोनदा मोजू नका.

आणि आकड्याशेजारी स्रोत आणि तारीख लिहा. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट सगळंच मोजतं, त्यामुळे त्याचा आकडा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या सूचीपेक्षा बहुधा मोठा येतो. एका उमेदवाराचा इथून आणि दुसऱ्याचा तिथून घेतलेला तक्ता माझ्या टेबलावर आला, तर तो मी तसाच परत पाठवतो.