डॉक्टर राउंडला येतात, म्हणजे नक्की काय करतात?

आई पावणेदोन वर्षं ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या, वृद्धांच्या एका केअर सेंटरमध्ये होती. नौपाड्यातून मी दर रविवारी जायचे. प्रवेश घेताना सांगितलं होतं, ‘डॉक्टर आठवड्यातून दोनदा राउंडला येतात.’ येत होतेही. पण येऊन काय करतात, हे मी विचारलंच नाही. तुम्ही मात्र आधी विचारा: डॉक्टर खाटेपाशी येतात की ऑफिसात बसून फायलींवर सह्या करतात? रात्री दोनला दम लागला तर सिस्टर कोणाला फोन करते?

अमेरिकेत नर्सिंग होमसाठी केंद्र सरकारचा नियम आहे. पहिले 90 दिवस दर 30 दिवसांनी आणि पुढे दर 60 दिवसांनी तरी भेट झालीच पाहिजे, आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांनी औषधांसकट सगळी देखभाल नव्याने तपासायची. मला त्यातला दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. तेवढं आपण प्रवेशाच्या वेळीच लेखी मागून घ्यावं.

कारण आमचं तिथेच चुकलं. हॉस्पिटलमधून परतल्यावर आईला बीपीची नवी गोळी सुरू झाली, जुनी बंद झालीच नाही. कंपन्या वेगळ्या, आत औषध एकच: अ‍ॅम्लोडिपीन. त्याच्या दुप्पट डोसाने पाय सुजले; घोट्यावर अंगठा दाबला की खळगा तसाच राहायचा. सुजेवर लघवीची गोळी दिली गेली. दोन आठवड्यांत आई मला मावशीच्या नावाने हाक मारू लागली. सगळे म्हणाले, वयच झालं. रक्त तपासलं तेव्हा सोडियम 121 निघालं; ते 135 च्या वर हवं. लघवीच्या गोळीने ते उतरलं होतं, आणि त्यामुळेच आई गोंधळत होती.

म्हणून महिन्यातून एकदा राउंडच्या वेळी स्वतः जा, त्यासाठी अर्धी रजा टाका. सगळ्या पट्ट्या स्टीलच्या ताटात काढा आणि ब्रँडचं नाव सोडून खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. प्रत्येक पट्टीवर बोट ठेवून डॉक्टरांना विचारा, ‘ही अजून लागते का?’ नवी गोळी आली की, ‘हिच्यामुळे जुनी कोणती बंद?’ उत्तर फायलीत तारखेसह लिहून घ्या. झोपेच्या गोळीबद्दल तर विचाराच. म्हातारी माणसं तिच्यामुळे रात्री बाथरूमला जाताना पडतात.

वजन दर महिन्याला लिहिलेलं असावं. बीपी आडवं असताना आणि उभं केल्यावर, दोन्ही वेळा मोजायला सांगा. वरचा आकडा 20 ने उतरत असेल तर चक्कर येण्याचं कारण तिथेच सापडेल. माणूस एकाएकी बरळायला लागला तर वयावर ढकलू देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवायला लावा.

आणखी एक. आईला उजव्या कानाने ऐकू येत नसे, त्यामुळे डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला ती नुसती मान डोलवायची. मी खाटेच्या डोक्याशी कार्ड चिकटवलं: ‘डावीकडे बसून बोला.’ पुढच्या राउंडला डॉक्टरांनी स्टूल डावीकडे ओढलं, आणि आईने त्यांना पहिल्यांदा सांगितलं की तिला गिळताना त्रास होतो.