मोठ्या आर्किटेक्चर ऑफिसात रुजू होण्याआधी

ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वी पगाराआधी एक गोष्ट विचारा: टीम कोणती आणि प्रोजेक्ट कुठल्या टप्प्यावर आहे? मुंबई-पुण्यातल्या शंभर-दोनशे माणसांच्या ऑफिसात तुम्ही काय शिकणार, हे त्यावरच ठरतं. पाटीवरच्या नावाचा उपयोग पुढच्या मुलाखतीपुरता.

कॉन्सेप्ट टीममध्ये रेंडर (इमारत कशी दिसेल याची चित्रं) आणि प्रेझेंटेशनं. वर्किंग ड्रॉइंगच्या (ज्यावरून साइटवर बांधकाम होतं त्या नकाशांच्या) टीममध्ये टॉयलेट डिटेल, जिना, दार-खिडक्यांचं शेड्यूल. कंटाळवाणं वाटलं तरी पहिली दोन वर्षं वर्किंग ड्रॉइंगचंच काम मागून घ्या. १:२० चं एक टॉयलेट डिटेल नीट काढून बघा: संकन स्लॅब (पाइपांसाठी खाली घेतलेला स्लॅब) किती खाली, नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जाण्याचं तोंड) कुठे, उतार कुणीकडे, टाइलचा कापलेला तुकडा दारासमोर तर येत नाही ना, डक्टमधला पाइप बीमला आडवा जातोय का. स्ट्रक्चरल आणि प्लंबिंग कन्सल्टंटची ड्रॉइंगं एकावर एक टाकून बघायची सवय इथेच लागते. टिपिकल फ्लोअरवरची (प्रत्येक मजल्यावर तसाच येणाऱ्या नकाशातली) चूक तीस मजल्यांवर उतरते, म्हणून ड्रॉइंग दोन-तीन सीनियरच्या लाल पेनाखालून जातं. हे तपासणं हाच मोठ्या ऑफिसचा खरा फायदा. छोट्या ऑफिसात तेवढी सवड क्वचितच असते.

तोटा म्हणजे कामाचे कप्पे. महापालिकेचं सबमिशन (मंजुरीसाठी नकाशे सादर करणं) वेगळी टीम करते, त्यामुळे वर्षानुवर्षं डीसीपीआर २०३४ (मुंबईची बांधकाम नियमावली) किंवा यूडीसीपीआर (मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राची) न उघडताही नोकरी चालते. आपल्याच प्रोजेक्टचं एफएसआय स्टेटमेंट (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं याचा हिशेब) मागून घ्या आणि एकदा स्वतः मांडून ताळा करा. साइटवर सहसा सीनियरच जातात. मग निदान आरएफआयचं (ठेकेदाराच्या लेखी प्रश्नांचं) रजिस्टर सांभाळायला मागा. ठेकेदार जे विचारतो तेच ड्रॉइंगमध्ये राहिलेलं असतं.

करारात तीन कलमं वाचा: नोटीस पीरियड (अनेक ठिकाणी दोन-तीन महिने), बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट) आणि गोपनीयता. पोर्टफोलिओत काय दाखवता येईल, ते ईमेलवर लेखी घ्या. फाइली घरी नेऊ नका. ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन आणि आपला वाटा एवढी नोंद ठेवा. रात्रीच्या जागरणाचे वेगळे पैसे मिळतील असं गृहीत धरू नका.

सबमिशनवर सही ऑफिसच्या भागीदाराची, म्हणून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी पुढे ढकलली जाते. पदवी हातात आली की नोंदणी करून टाका. १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार त्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही.

दोन वर्षांनी टप्पा बदलून मागा. दोनदा मागूनही मिळाला नाही, तर दहा-पंधरा जणांचं ऑफिस शोधायला लागा.