पाच फुटांची गोदी : घरच्या घरी बंदरातली मॉडेल रेल्वे कशी उभारावी

मॉडेल रेल्वे म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गोल रूळ आणि त्यावर भिरभिरणारी गाडी येते. एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणात तसा गोल करायचा तर अगदी घट्ट वळणालाही सुमारे ३७ सेंमी त्रिज्या लागते. कडेची जागा धरली की तीन फूट रुंदीचं टेबल आलंच. पेठेतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते टेबल शिरलं की घरातलं कुणीतरी बाहेर पडणार. शिवाय चार फेऱ्या झाल्या की बघणारा जांभया द्यायला लागतो.

गोदीचं तसं नाही. खऱ्या गोदीतही गाड्या आखूड असतात, वेग चालत्या माणसाइतका आणि जागा अडचणीची. त्यामुळे पुस्तकांच्या कपाटावर मावेल एवढ्या फळीवरही गोदी खरी वाटते, आणि इंजिनाला सतत काम असतं. ही वाघीण, म्हणजे मालाचा डबा, इकडे लाव, ती तिकडून काढ, मधली आधी बाजूला कर.

आधी काळ ठरवा

पुण्याला समुद्र नाही, पण मुंबई जवळ आहे आणि तिथल्या गोद्यांचा इतिहास मॉडेलवाल्याला हवा तसा आहे. प्रिन्सेस गोदी १८८० ची, व्हिक्टोरिया १८८८ ची, आणि आज जिला इंदिरा गोदी म्हणतात ती अलेक्झांड्रा गोदी १९१४ ची. बंदराची स्वतःची रेल्वे १९१५ मध्ये सुरू झाली. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आजूबाजूच्या वखारींची धूळधाण उडाली. त्यामुळे तुमची गोदी त्या तारखेच्या आधीची की नंतरची, हे इमारती करायला घेण्यापूर्वीच ठरलेलं बरं.

माझं मत विचाराल तर स्वातंत्र्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं निवडा. त्या काळात चारचाकी वाघिणी आहेत, गोण्या आहेत, हमाल आहेत, डबे पुढे-मागे लावणारं, म्हणजे शंटिंगचं, वाफेचं छोटं इंजिनही चालतं. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेव्याच्या कंटेनर बंदराच्या नादी लागू नका. चाळीस फुटी कंटेनर १:८७ मध्ये १४ सेंमीचा होतो, तो परवडेल; पण पन्नास मीटर उंचीची क्रेन केली तर ती ५७ सेंमीची होते आणि तिच्यापुढे गाडी दिसतच नाही.

बंदराच्या आत कॅमेरा घेऊन हिंडता येत नाही, तो संरक्षित भाग आहे. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडला उतरा आणि भाऊच्या धक्क्यापर्यंत चालत जा. धक्क्याची भिंत, तिच्यावरचे शेवाळाचे पट्टे, जहाजं बांधायचे गंजलेले खुंट, पाण्याचा खरा रंग हे सगळं तिथे डोळे भरून बघता येतं. पुण्यातल्या पुण्यात बघायचं तर कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहेच. तिथे गाड्या नेहमीच्याच बघा, पण इमारतींच्या मागे काय काय लपवलंय तेही शोधा. ती युक्ती पुढे लागणार आहे.

आराखडा

नवीन काही शोधायच्या फंदात पडू नका. इंग्लंडच्या ॲलन राइट यांनी बसवलेला ‘इंगलनूक’ नावाचा आराखडा गोदीसाठी तंतोतंत जमतो. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे दोन सांधे, टोकाला बंद अशा तीन आंधळ्या लाइन आणि पुढे-मागे करायला एक शेपूट. एका लाइनीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत प्रत्येकी तीन. शेपटीत इंजिन अधिक तीन वाघिणी, त्याहून एकही जास्त नाही. वाघिणी एकूण आठ. जागेची ही कंजुषीच सगळा खेळ रंगवते, म्हणून जागा आहे म्हणून लाइन लांबवू नका.

हिशोब करून बघा. चारचाकी वाघीण कपलिंगसकट ९ सेंमी धरली तर पाचांना ४५ आणि तिघींना २७ सेंमी लागतात. शेपटीला इंजिनाचे १५ आणि वाघिणींचे २७ मिळून ४२. लहान त्रिज्येचा एक सांधा साधारण १८.५ सेंमीचा. शेजारच्या लाइनीवरचा डबा घासू नये म्हणून सांध्यापुढे हातभर नव्हे, पण आठेक सेंमी मोकळे सोडावे लागतात. सगळं मांडलं की १२० सेंमीत बसतं. मी पाच फूट म्हणतो ते टोकांना श्वास घ्यायला जागा राहावी म्हणून. रुंदी सव्वा फूट पुरे.

एक शंका हमखास निघते, ती इथेच मिटवू. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे १:८७ मध्ये तो १९ मिमीच्या थोडा वर जायला हवा. एचओचा बाजारातला रूळ मात्र १६.५ मिमीचा. काटेकोर मंडळी यावर तासन्‌तास वाद घालतात. घालू द्या. रूळ फरसबंदीत बुडाला की पावणेतीन मिमीचा फरक कुणाच्या नजरेला येत नाही.

फळी, आणि त्याआधी पाण्याची पातळी

इथे नेहमीच्या मॉडेल रेल्वेपेक्षा क्रम उलटा आहे. आधी रूळ आणि मग पुढे कुठेतरी पाणी, असं केलं की धक्का पाण्यावर पाटासारखा चपटा बसतो. मुंबईला पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी साडेतीन-चार मीटर खालीवर होतं. धक्क्याची कड पाण्यापासून तीन मीटर वर धरा; १:८७ मध्ये ते होतात सुमारे ३५ मिमी. हा आकडा फळी कापायच्या आधी भिंतीवर लिहून ठेवा.

टिंबर मार्केटमधून १२ मिमी प्लाय घ्या, पाच फूट बाय सव्वा फूट तिथेच कापून मिळतो. खालून ३ इंची पट्ट्यांची चौकट, मधे दोन आडव्या. हा प्लाय म्हणजे समुद्राचा तळ. त्यावर मागच्या बाजूच्या १० इंचांत ३५ मिमी उंच पट्ट्या ठोका आणि वरून ६ मिमी प्लायचा दुसरा मजला टाका, म्हणजे धक्का. खालच्या प्लायपासून वरच्या मजल्याच्या पाठीपर्यंत ४१ मिमी होतात. पाण्याचे थर त्यातले थोडे खातात. पुढच्या बाजूला पाण्यासाठी पाच इंच उरतात. ते कमी वाटतील, पण पाणी पुढच्या कडेला कापलेलंच बरं दिसतं. बाकीचा समुद्र बघणाऱ्याच्या बाजूला आहे असं समजायचं.

दोन्ही प्लाय सगळ्या बाजूंनी, कडांसकट, प्रायमरने बंद करा. पुण्याचा मे आणि पुण्याचा जुलै यांत कोरडेपणाचा एवढा फरक असतो की उघडा प्लाय पाठ वाकवतोच.

रूळ आणि वीज

रूळ थेट प्लायवर, खाली २ मिमी कॉर्क घातला तर आवाज कमी. खडी टाकायची नाही, कारण सगळं फरसबंदीखाली जाणार. धक्क्याच्या कडेला समांतर एक लाइन ठेवा, कडेपासून साधारण ४ सेंमीवर. बाकी दोन किंचित तिरप्या टाका. फळीच्या कडेला सगळंच समांतर असलं की ते मॉडेल पट्टी घेऊन आखल्यासारखं दिसतं.

वीज १२ व्होल्ट डीसी, साधा कंट्रोलर. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर सोल्डर करा. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विजेसाठी विसंबू नका, रंग लावल्यावर त्या हमखास दगा देतात. शंटिंग इंजिनाची चाकं जवळजवळ असतात, त्यामुळे सांध्याच्या मध्यभागी, जिथे रूळ एकमेकांना छेदतात त्या ‘फ्रॉग’पाशी, प्लॅस्टिकचा तुकडा असेल तर ते तिथेच ठप्प होतं. धातूच्या फ्रॉगचे सांधे घ्या आणि फ्रॉगला तीन टोकांच्या सरकत्या स्विचमधून वीज द्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत असे स्विच हवे तितके मिळतात. तोच स्विच सांधाही हलवू शकतो : सायकलच्या चाकाची जुनी तार सांध्यापासून फळीच्या पुढच्या कडेपर्यंत न्या आणि सरकत्या स्विचच्या दांड्याला अडकवा. मोटार नको, रिले नको.

आता थांबा. फरसबंदी करण्याआधी आठही वाघिणी आणि इंजिन घेऊन मनसोक्त शंटिंग करा. जी वाघीण एकदा घसरते ती पुन्हा त्याच जागी घसरणार. दोष आत्ता दुरुस्त होतो, नंतर दगड फोडून करावा लागतो.

फरसबंदी

गोदीची गोदी इथे होते. रुळाच्या बाहेरची जागा ३ मिमी सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) आणि त्यावर पातळ पुठ्ठा लावून रुळाच्या माथ्यापर्यंत भरा. अप्पा बळवंत चौकात दोन्ही मिळतात. दोन रुळांच्या मधे स्लीपरवर २ मिमी जाडीची आणि १३ मिमी रुंदीची पट्टी चिकटवा. दोन्ही बाजूंना दीड-पावणेदोन मिमी फट राहते, त्यातून चाकाची कड जाते. पट्टी रुळाच्या माथ्यापेक्षा अर्धा मिमी खाली हवी. वर आली तर रूळ पुसताना तिचाच रंग निघतो आणि इंजिनही तिच्यावर पोट घासतं.

दगड काढायला संपलेल्या बॉलपेनचं टोक वापरा. फूटभर लांबीचा काळा फरशीचा दगड १:८७ मध्ये साडेतीन मिमी होतो. आधी पट्टीने आडव्या ओळी दाबून घ्या, मग हातानेच उभ्या रेघा, एकाआड एक ओळीत अर्धा दगड सरकवून. घाई केली की पाचव्या ओळीपासून दगड लांब व्हायला लागतात. एका बैठकीत वीतभरापेक्षा जास्त करू नका. अधूनमधून एखादा दगड खोल दाबा, तिथे पुढे पाणी साचल्याचा चकाकता थेंब टाकता येतो.

सांध्याच्या हलत्या जिभांपाशी काहीच भरायचं नाही. तेवढी जागा चौकोनी कापून, पातळ पुठ्ठ्याचं लोखंडी झाकण केल्यासारखं दाखवा, जिभांना मोकळीक ठेवून. प्लास्टर ऑफ पॅरिस इथे आणू नका, एक थेंब आत गेला की सांधा कायमचा बसला.

रंगाला मूळ करडा काळपट, मग पाण्याने पातळ केलेला काळा पोस्टर कलर ओतून पुसून घ्या, म्हणजे फटीत राहतो. रुळांच्या बाजूला गेरू. आपला गेरू गंजासाठी जितका चांगला, तितके परदेशी डबीतले रंगही नाहीत. कोरडाच ब्रशने घासा आणि मॅट वार्निशने पक्का करा.

भिंत आणि पाणी

धक्क्याची भिंत सनबोर्डची, मोठ्या दगडांची. रंग तीन पट्ट्यांत : वर कोरडा करडा, मधे ओलसर काळपट, आणि तळाचे १५ मिमी शेवाळी हिरवा-काळा. पट्ट्यांच्या सीमा सरळ काढू नका, ओल दगडादगडाला वेगळी चढते. दर १५-२० सेंमीवर एक खुंट, लाकडी मण्यांचा किंवा स्क्रूच्या डोक्याचा. भिंतीवर अर्धी कापलेली टायरं. खेळण्यातल्या गाड्यांची चाकं जुन्या बाजारात वाटीभर मिळतात.

पाणी निळं रंगवलंत तर सगळं मुसळ केरात. बंदरातलं पाणी मातकट हिरवं असतं, भिंतीलगत जवळजवळ काळं. रंग वाळल्यावर चकचकीत वार्निशचे पातळ थर, रोज एक, सहा-सात तरी. रेझिन ओतायचा मोह होतो. तो टाळा : रेझिन भिंतीवर वर चढतं, बारीक फटीतून खाली जमिनीवर येतं आणि पावसाळ्यात पांढुरकं पडतं. शेवटच्या थरात नारळाच्या करवंटीचे दोन बारीक तुकडे टाकले तर नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची गोदी झाली.

जहाज, वखारी, क्रेन

शंभर मीटरचं जहाज ११५ सेंमीचं होतं, म्हणजे सगळी फळी गिळतं. त्याऐवजी पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, करा. वीस मीटरचा पडाव २३ सेंमीत होतो. पाण्याखालचा भाग करायचाच नाही, तळ सपाट कापून वार्निशच्या शेवटच्या थरात बसवायचा. वर गोण्या : जुन्या सुती कापडाच्या भाताच्या दाण्याएवढ्या पुरचुंड्या, फेव्हिकॉलमध्ये बुडवून.

वखारी मागच्या कडेला फक्त चार-पाच सेंमी खोलीच्या, दर्शनी भिंत तेवढी खरी. एका लाइनीचं टोक वखारीच्या दारात घुसवा. लाइन तिथेच संपते, पण बघणाऱ्याला ती आत पुढे जाते असंच वाटतं. क्रेन एकच करा, धक्क्याच्या लाइनीवर पाय फाकून उभी असलेली, आणि तिच्या पायांतून सगळ्यांत उंच वाघीण जाते का ते चिकटवण्याआधी बघा.

चालवायचं कसं

आठ वाघिणींच्या आठ चिठ्ठ्या करून वाटीत टाका. सुरुवातीला पाच वाघिणी लांब लाइनीत, तीन आखूड लाइनीत. पाच चिठ्ठ्या उचला. ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने ती गाडी लांब लाइनीत लावून द्यायची, हात न लावता. कपलिंग सोडवायला बांबूची टोकदार काडी चालते. आठातून पाच, क्रमासकट, म्हणजे ६,७२० वेगळ्या गाड्या होतात. कुठलीही लागू शकते, काहींना मात्र डोकं खाजवावं लागतं. शेपटीत तीनच वाघिणी मावतात हे विसरलात की तिथेच अडकता.

खेळ झाल्यावर रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, रंगवलेल्या दगडांना ते लागू न देता. पावसाळ्यात फळी भिंतीला टेकवून ठेवू नका, आडवीच राहू द्या, आणि वरून जुनी चादर. प्लॅस्टिकने झाकलंत तर आत ओल धरते आणि रूळ काळवंडतात.